उखर्डूचा कुत्रा

आफ्रिकेत कुत्रे मिळत नाहीत का, असं त्या वर्षी नशिराबादेत जो भेटेल तो तोतारामला विचारी, आणि विचारून झालं की हसे. मुलगा परदेशी गेला की घरी पैसे पाठवतो, घड्याळ पाठवतो, निदान साहेबी टोपीतला फोटो तरी पाठवतो. तोतारामच्या मुलानं उलट घरच्यांकडेच मागणी केली होती, आणि तीही कुत्र्याची. गावाची चांगली करमणूक झाली. तोतारामला मात्र हसू येत नव्हतं. त्यानं ते पत्र स्वतः वाचलं होतं, एकेका अक्षरावर बोट ठेवून, आणि बायकोला, धुरपदाबाईला, वाचून दाखवताना मधल्या काही ओळी गाळल्या होत्या.

मुलाचं नाव उखर्डू. धुरपदाबाईची आधीची बाळं पाळण्यातच गेली होती. हा झाला तेव्हा सुइणीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं, तोतारामच्या बहिणीनं ‘हे कोणाचं टाकलेलं पोर’ म्हणत उचलून आणलं आणि नावही तेच ठेवलं, म्हणजे ज्याची कोणाला किंमत नाही त्याच्याकडे यमाचीही नजर जायची नाही. नजर गेली नाही. उखर्डू वाढला, जळगावला इंग्रजी शिकला, भुसावळला तार शिकला आणि एक दिवस करार करून आफ्रिकेच्या रेल्वेत स्टेशनमास्तर म्हणून निघाला. उकिरड्यावरचं पोर समुद्रापलीकडे साहेबाचा हुद्दा घेऊन बसणार, याचा गावाला केवढा अभिमान. बापाला मात्र एकच दिसत होतं, पाणी. तोताराम लहानपणी वाघूरच्या डोहात बुडता बुडता वाचला होता, तेव्हापासून तापीला पूर आला की हा माणूस त्या दिशेला तोंडही करत नसे. समुद्र ओलांडू नको, एवढंच तो मुलाला म्हणाला. मुलानं ऐकलं नाही. मग बापही हट्टाला पेटला आणि जळगाव स्टेशनावर निरोप द्यायला गेलाच नाही. पुढच्या खेपेला उखर्डू येऊन बायकोला, वच्छलाला, घेऊन गेला, तेव्हाही नाही.

आणि आता हे पत्र. उखर्डूचं स्टेशन म्हणजे एक पत्र्याची खोली, एक पाण्याची टाकी आणि चहूकडे माणूसभर उंच गवत. त्या गवतात सिंह. गावात हे कळलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, सिंह तर देवीचं वाहन, तो कशाला माणसाला त्रास देईल. तोतारामनं गाळलेल्या ओळी ऐकल्या असत्या तर तो म्हणणारा गप्प बसला असता. उखर्डूच्या हाताखालच्या, रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याला सिंहानं झोपेतून उचलून नेलं होतं. त्यानंतर एका गवत कापणाऱ्याला. वच्छलाला दिवस गेले होते, आणि दोघं दाराला पेट्या लावून, कंदील न विझवता निजत होती.

कुत्रा असेल तर जनावर येण्याआधी कळेल, म्हणून उखर्डूनं तिथं कुत्रे करून पाहिले होते. विलायतेला परत चाललेल्या एका गोऱ्यानं लांब केसांचा, दिसायला फार देखणा कुत्रा दिला, तो उन्हानं आणि गोचिडांनी मेला. दुसरा आणला तो चपट्या तोंडाचा, साहेबलोकांत मोठ्या मानाचा. तो रात्रभर असा घोरे की बाहेर काय फिरतंय ते ऐकूच येत नसे, आणि अखेर बिबट्यानं त्याला घोरतानाच नेला. तिसरा त्या मुलखातल्याच शिकारी लोकांकडचा. तो खरा कामाचा होता, पण दोर सुटला त्या दिवशी आपल्या माणसांकडे परत गेला. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, आबा, मला इथल्या जाती कळत नाहीत. ऊन सोसणारा, भाकरीवर राहणारा, उगीच न भुंकणारा आणि जागा न सोडणारा असा आपल्याकडचा कुत्रा निवडून पाठवा. तुम्हाला जनावर कळतं.

मुलानं इतक्या वर्षांत बापाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. तोतारामनं केळीच्या बागेचं काम भावावर टाकलं आणि कुत्रा शोधायला निघाला.

गावातली कुत्री त्यानं आधीच बाद केली. ती भुंकण्यात वाकबगार, पण पाहुणा आला तरी तेवढंच भुंकणार आणि चोर आला तरी तेवढंच, आणि तरस दिसलं की सगळ्यांच्या आधी घरात घुसणार. लमाणांच्या तांड्यावर लांब तोंडाची, बारीक कमरेची कुत्री होती. ती वाऱ्यासारखी धावत, पण ससा दिसला की मालकाला विसरत. जळगावच्या एका कापसाच्या जिनात गोऱ्या इंजिनिअरनं पाळलेला दांडगा कुत्रा त्यानं लांबून पाहिला. त्याला दुपारी पाण्याच्या घंगाळात बसवून ठेवावं लागे, आणि त्यासाठी एक माणूस वेगळा ठेवलेला होता. तोताराम तिथूनच परतला. शेवटी बाजारात एका ढोरांच्या व्यापाऱ्यानं सांगितलं की साक्रीकडच्या डोंगरात ठेलारी मेंढपाळ असतात, त्यांचे कुत्रे वाघाला तोंड देतात.

होळी झाल्यावर तोताराम साक्रीला पोहोचला आणि डोंगराच्या पायथ्याशी पुना ठेलाऱ्याच्या पालावर जाऊन बसला. दिवस मावळत होता, मेंढरं बसवलेली, बायका भाकरी थापत होत्या. राखी रंगाचा एक तरणा कुत्रा कळपाच्या कडेला पडला होता. तो एकाएकी उठला, ओढ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि घशातल्या घशात एकदाच गुरगुरला. सगळी मेंढरं एका अंगाला सरकली. पुनाचा मुलगा भाला घेऊन ओढ्यात उतरला, तोच लांडगा उठून पळाला. कुत्रा मागे धावला नाही. जिथं उभा होता तिथंच, कळप आणि ओढा यांच्या मध्ये, उभा राहिला. तोतारामला वाटलं, आपल्या उखर्डूच्या दारात हाच उभा राहिला पाहिजे.

पुना द्यायला तयार नव्हता. ठेलारी कुत्रा विकत नाहीत; द्यायचाच झाला तर लेक देतात तसा देतात, घर बघून, माणूस बघून. आणि घर समुद्रापलीकडे, ते कोण बघणार? तोतारामनं मग कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. पाळण्यात गेलेली बाळं सांगितली, उकिरडा सांगितला, पत्रातल्या गाळलेल्या ओळी सांगितल्या, वच्छलाचं पोट सांगितलं. पुना कळपाकडे पाहू लागला. त्याची बायको भागाबाई चुलीपाशी सगळं ऐकत होती. ती उठली, कुत्र्याच्या आईच्या कपाळाला तिनं कुंकू लावलं, तिला गूळ चारला आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. झालं. तोतारामनं नारळ ठेवला, भागाबाईच्या ओटीत ज्वारी घातली, आणि कुत्रा त्याचा झाला. म्हणजे अजून नव्हता झाला, आणि तेच पुनानं निघताना बजावलं.

पुना म्हणाला, “भाऊ, याले हातवर भाकर देऊ नको. खाले ठेव आनि पाठ फिराव. आजलगुन यानी कोनाच हातना घास खायेल नही, आमनाबी नही. हाऊ मेंढरंना शे. पह्यला घास तुना आंडोरनाच हातना पाहिजे, मंग हाऊ मरालगुन त्यानं दार सोडाव नही. तू खावाडं ते हाऊ तुना व्हई जाई.”

आंडोर म्हणजे मुलगा, एवढी त्यांची बोली तोतारामला कळत होती. पहिला घास ज्याच्या हातचा, कुत्रा जन्मभर त्याचा, हे समजून त्यानं मान डोलावली. नावही ठेवू नको, नाव पोरालाच ठेवू दे, असंही पुनानं सांगितलं. साक्रीच्या टपालातून तोतारामनं त्याच दिवशी उखर्डूला पत्र टाकलं: कुत्रा मिळाला, वाघाला भिडणारा आहे, जळगावच्या कापडवाल्या मोतीलालबरोबर पाडव्यानंतरच्या बोटीनं पाठवतो. पत्र पेटीत पडल्याचा आवाज आला तेव्हा त्याला कितीतरी वर्षांनी हलकं वाटलं.

दोंडाईच्याला तो रेल्वेत बसायला गेला. गार्डानं एवढं मोठं जनावर पिंजऱ्याशिवाय घ्यायला नकार दिला. पिंजरा बनवायला सुतार शोधण्यापेक्षा पायांवर भरवसा बरा, असा विचार करून तोताराम रुळांच्या कडेकडेनं कुत्रा घेऊन चालत निघाला. कुत्रा दोर ओढत नव्हता, भुंकत नव्हता, आणि खातही नव्हता. तोताराम भाकरी खाली ठेवी, पाठ फिरवी, लांब जाऊन बसे. परत येऊन पाहावं तर भाकरीला मुंग्या लागलेल्या. दुधात कुस्करून दिली, तीही तशीच. कुत्रा सारखा मागे वळून साक्रीच्या डोंगराकडे पाही. मुकं जनावर, त्याची मेंढरं नाहीत, आई नाही, नाव नाही, कोणाचा हात नाही. तोताराम त्याच्याशी बोलतही नव्हता, कारण बोलायचंही नाही असं त्यानं आपल्याच मनानं ठरवून टाकलं होतं.

अमळनेरच्या अलीकडे, बोरी नदीच्या कोरड्या पात्रात, कुत्रा आडवा झाला. ऊन मी म्हणत होतं. तोतारामनं वाळू उकरून झिरा काढला, ओंजळीनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं. कुत्र्यानं डोळे उघडले आणि मिटले. बरगड्या मोजून घ्याव्यात एवढा तो उतरला होता. तोतारामनं भाकरी काढली, वाळूवर फडकं पसरून त्यावर ठेवली, पाठ फिरवली आणि तसाच बसला. मागून काहीच आवाज येईना. असा तो किती वेळ बसला कोण जाणे. हा मेला तर दुसरा कुठून आणायचा? परत साक्रीला जाऊन यायचं तर मोतीलालची बोट जाणार. आणि न मरता याला नेणार कसा? पुनाला विचारावं तर पुना डोंगरात. बायकोला विचारावं तर ती नशिराबादेत. पाठ फिरवून बसलेला तो म्हातारा रडकुंडीला आला.

आणि मग तो वळला. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, गुळाच्या खड्याबरोबर तोंडात घालून चावला, चांगला मऊ केला, आणि बोटांवर घेऊन कुत्र्याच्या ओठाला लावला. उखर्डू लहानपणी तापानं फणफणला होता आणि काही घेत नव्हता, तेव्हा त्यानं असंच केलं होतं. तोंडातून शब्दही तेच आले.

“खा रे बापू. खाऊन घे.”

कुत्र्यानं जीभ काढली. बोटं चाटली. मग सगळी भाकरी खाल्ली, एकेक घास, हातातून. खाऊन झाल्यावर त्यानं आपलं तोंड तोतारामच्या पावलावर ठेवलं आणि तो झोपला. तोताराम वाळूत बसून रडला. कुत्रा जगला म्हणून रडला, आणि आता तो कोणाचा झाला हे कळलं म्हणूनही रडला.

उठल्यावर मात्र त्यानं स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. मेंढपाळांच्या हजार समजुती असतात. कुत्रा म्हणजे कुत्रा, ज्याचं खाईल त्याचा होईल. उखर्डूनं रोज खाऊ घातलं की हा आपल्याला विसरेल. धरणगाव गेलं, जळगाव गेलं, तोवर ही समजूत चांगली पक्की झाली. अडचण एवढीच होती, की दोर आता लागत नव्हता. कुत्रा त्याच्या टाचेला टाच लावून चालत होता, आणि एकदाही मागे वळून पाहत नव्हता.

नशिराबादेत लोक कुत्रा बघायला जमले आणि या खेपेला हसले नाहीत. धुरपदाबाईनं त्याला ओवाळलं. सुनेच्या पोटातल्या बाळाचा राखणदार म्हणून त्याच्यापुढे दूधभात ठेवला. त्यानं तोंड लावलं नाही. तोताराम येऊन शेजारी बसला तेव्हा खाल्ला. तो शेतात गेला तर कुत्रा शेतात, तो विहिरीवर तर कुत्रा विहिरीवर.

धुरपदाबाईनं विचारलं, “हा तुमच्याच मागं मागं काबरं फिरते?”

रस्त्याची सवय, असं सांगून तोतारामनं वेळ मारून नेली. खरं सांगितलं असतं तर त्याचा पुढचा अर्थ तिनं लगेच काढला असता, आणि तो त्याला ऐकायचा नव्हता. कुत्रा त्याच्याशिवाय राहणार नसेल, तर कुत्र्याबरोबर त्यानंच जायला पाहिजे होतं. बोटीवर. समुद्रावरून. हे त्याला दिवसातून कितीदा तरी सुचे, आणि प्रत्येक वेळी वाघूरचा तो डोह समोर येई, नाकातोंडात पाणी जाई.

त्यातून सुटायची वाटही समोर चालून आली होती. मोतीलालचं मोंबासाला कापडाचं दुकान, दर वर्षी जाणारा-येणारा माणूस. पिंजरा बघायला आला तेव्हा तो सहज म्हणाला, की आबा, तुम्हीच चला ना, पोराला भेटून याल, सून बाळंत होईल, नातू बघाल, बोटीत मी आहे सोबतीला. धुरपदाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तोताराम म्हणाला, “केळीले पाणी कोन देईन?” भाऊ होता, भावाचे मुलगे होते, केळीला पाणी द्यायला अर्धं गाव होतं. पण तो असं म्हणाला, आणि मोतीलाल पुन्हा पिंजरा बघू लागला.

पिंजऱ्यात धुरपदाबाईनं उखर्डूचा जुना सदरा घातला, वासाची ओळख व्हावी म्हणून. ती आत गेल्यावर तोतारामनं त्या सदऱ्याखाली आपलं उपरणं सरकवलं. जळगाव स्टेशनावर या वेळी तो गेला. मुलाला निरोप द्यायला आला नव्हता तो माणूस कुत्र्याला निरोप द्यायला गार्डाच्या डब्यापाशी उभा राहिला. गाडी हलली तेव्हा कुत्रा भुंकला. तोतारामनं त्याला भुंकताना पहिल्यांदाच ऐकलं. डब्यातल्या खोक्यांमधून तो आवाज फाटका येत राहिला, आणि गाडी शिरसोलीकडे वळेपर्यंत थांबला नाही.

उन्हाळा भर चढला आणि उखर्डूचं पत्र आलं. तोताराम ओसरीवर बसून, बोट ठेवून वाचू लागला, धुरपदाबाई निवडण-टिपण बाजूला सारून ऐकू लागली. आबा, तुमचं पत्र मिळालं. किती दिवसांनी इथं आम्ही दोघं हसलो. वच्छला म्हणते, नाव मी ठेवणार. मी एक भालेवाला रखवालदार ठेवला होता, इथल्याच लोकांतला, भला माणूस. त्याची गुरं लांब राहिली होती, घरी जाऊ द्या म्हणून तो कधीचा मागे लागला होता, पण मी सोडत नव्हतो. आता तुमचा कुत्रा येतो आहे, म्हणून त्याला सोडलं. त्याचेही आशीर्वाद मिळतील. मी रोज गाडी बघतो.

तोतारामनं या वेळी एकही ओळ गाळली नाही. वाचून झाल्यावर त्यानं पत्राची घडी घातली, आणि ती पुन्हा उघडून रखवालदाराची ओळ पुन्हा वाचली. धुरपदाबाई म्हणाली, बरं केलं पोरानं, त्या बिचाऱ्यालाही लेकरंबाळं असतील. तोतारामला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. कुत्रा पोहोचला असेल, असं तो मनाशी म्हणत राहिला. पोहोचला असेल, आणि उखर्डूच्या हातानं खात असेल. नसेल खात तरी दारात पडून असेल. गुरगुरला तरी पुरे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, भर दुपारी, धुरपदाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. फाटकाशी काहीतरी येऊन पडलं. तिला आधी वाटलं, कोणी जुनं घोंगडं टाकलं. मग ते घोंगडं उठलं आणि तीन पायांवर ओसरीकडे चालू लागलं. गळ्यात दोराचा तुकडा होता, अंग जागोजाग सोललेलं, एक कान फाटलेला. ओसरीवर तोताराम झोपला होता. कुत्र्यानं जाऊन त्याच्या पावलावर तोंड ठेवलं.

तोताराम जागा झाला. त्यानं पाहिलं आणि कुत्रा ओळखला. एवढ्या प्रेमानं कोणी घरी परत येतं, तर माणूस त्याला मिठी मारतो. तोतारामला वाटलं, हा मेलेला पाहिला असता तर बरं झालं असतं. त्यानं हात पुढे केला नाही, तोंड भिंतीकडे फिरवलं. कुत्रा शेपटी हलवत राहिला.

धुरपदाबाई सूप हातात घेऊनच उभी होती. तिनं कुत्र्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

“तुम्ही याले हातानं खाऊ घातलं.”

तोताराम भिंतीशीच बोलला, “मरत व्हता तो. बोरीच्या वाळूत मरत व्हता.”

ती म्हणाली, “मंग खाऊ घातलं ते पाप नही. मंग तुम्हीच जायचं व्हतं त्याच्या संगं. तेवढं काबरं नही केलं?”

ती ओरडली नाही, म्हणूनच त्याला ते सहन झालं नाही. तो उठला, पायात वहाणा घातल्या आणि जळगावच्या रस्त्याला लागला. कुत्रा लंगडत मागे निघाला. तोतारामनं त्याला दोनदा हाकललं, एकदा तर ढेकूळ उचललं. कुत्रा थांबे, आणि तो चालू लागला की पुन्हा चालू लागे. नंतर तोतारामनं हाकलायचं सोडून दिलं.

जळगावच्या तार ऑफिसात त्यानं तार लिहवून घेतली: कुत्रा येत नाही, रखवालदार परत बोलाव, दार लावून घे. तारबाबूनं विचारलं, उत्तर घरी पाठवू का. तोताराम म्हणाला, मी इथंच बसतो. तो बाहेरच्या लिंबाखाली बसला, कुत्रा शेजारी. तार अंधार पडेपर्यंत आली नाही. सकाळी आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तारबाबू स्वतः कागद घेऊन बाहेर आला, आणि एवढ्या तारा वाचून दाखवलेला तो माणूस ही तार वाचायला तोतारामशेजारी खाली बसला.

तार उखर्डूची नव्हती. त्याच्या वरच्या मोठ्या स्टेशनातून आली होती. स्टेशनमास्तर उखर्डू तोताराम मागच्या आठवड्यात संध्याकाळच्या मालगाडीला दिवा दाखवायला बाहेर पडला असता सिंहाकडून मारला गेला. पत्र वाटेवर आहे. बायको सुखरूप असून आमच्याकडे आहे, दिवस भरत आले आहेत, घरच्या कोणीतरी न्यायला यावं.

तारबाबू काहीतरी धीराचं बोलला. तोतारामला ऐकू आलं नाही. त्याला एवढंच सुचत होतं, की मागच्या आठवड्यात हा कुत्रा कुठे होता. कुठल्यातरी नाल्यात, कुठल्यातरी फाटकाशी, पाय ओढत, आपल्याकडे येत होता. आणि तिकडे उखर्डू हातात दिवा घेऊन, आज तरी येईल म्हणून, गाडीची वाट बघत होता.

घरी गेल्यावर काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. जिनं तीन बाळं आधी दिली होती तिचं शेवटचं गेलं, आणि त्यासाठी उकिरडाही पुरला नाही. रडणं ओसरल्यावर धुरपदाबाईनंच ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आणि नवऱ्याच्या हातात दिल्या. सुनेला आणायला त्यानंच जायचं होतं. तोताराम या वेळी केळीच्या पाण्याचं काही बोलला नाही.

जळगावला कुत्र्याचा नवा पिंजरा गार्डाच्या डब्यात चढवताना गार्ड कुत्र्याकडे निरखून बघू लागला. हाच का तो, असं त्यानं विचारलं. मागे इगतपुरीला इंजिन बदलताना पाणी दाखवायला पिंजरा उघडला, तर दोर तोडून हाच पळाला होता, घाटाकडे नाही, रुळांवरून सरळ मागे. त्याबरोबरचा कापडवाला फार घाबरला होता. घरी काय तोंड दाखवू, तिकडे गेल्यावर पोरालाच समोरासमोर सांगीन, असं म्हणत होता. मोतीलाल मोंबासाच्या दुकानात माल लावत बसला आणि समोरासमोर सांगायचं राहून गेलं, हे पुढे कळलं. तोतारामला त्याचा राग आला नाही. राग यायला तोंड पाहिजे, ते त्याला नव्हतं.

गाडी इगतपुरीला थांबली. इंजिन बदलायला वेळ होता. लोक पाण्याला, चहाला उतरले. तोताराम फडकं घेऊन गार्डाच्या डब्यापाशी गेला, त्यानं डब्याचं दार सारलं, पिंजऱ्याची खिट्टी काढली आणि दारही पूर्ण उघडून ठेवलं. गळ्यात दोर नव्हता. गार्ड ओरडला, अरे म्हाताऱ्या, पुन्हा पळेल तो. तोतारामनं भाकरीचा तुकडा मोडून हात आत केला.

कुत्र्यानं हातातून खाल्लं. उघड्या दारातून मोकळे रूळ दिसत होते, ज्यांवरून तो एकदा इतका लांब चालत गेला होता. त्यानं तिकडे पाहिलंही नाही. तोताराम त्याला एकेक घास देत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडत राहिलं. मग इंजिन लागल्याचा धक्का बसला, गार्डानं शिटी फुंकली, आणि तोताराम समुद्राच्या दिशेनं निघालेल्या त्या गाडीत आपल्या जागेवर जाऊन बसला.